पाणी माझ्यातच मुरत होतं

मी प्रयोगशाळेतली काचेची बाटली बोलतेय. आधीच कबूल करते, या गोष्टीतली चोर मीच.

वाळू, सोडा आणि चुनखडी भट्टीत वितळवून मला घडवलं. चुनखडीत कॅल्शियम असतं. म्हणजे ते माझ्या अंगातच आहे, पण विचारलंय कुणी? शुद्ध पाण्याची प्लॅस्टिकची बाटली फुटली आणि तिच्या जागी मला बसवलं. मी तर अशी फुशारले!

आमची संशोधक पोरगी टोळांच्या स्नायूंमागे लागली होती. पायांचे स्नायू एक उडी मारून निवांत बसतात. पंखांच्या स्नायूंना मात्र सतत राबावं लागतं. तिथे ऊर्जा तयार करायला मदत करणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. पोरगी म्हणायची, पंखांतलं ते विकर झोपलेलं असतं, कॅल्शियम मिळालं की खडबडून उठतं. पायांतलं ढिम्म हलत नाही. हे सिद्ध करायचं, तर आधी कॅल्शियम नसलेलं पाणी हवं.

आणि ते ठेवलं कुणात? माझ्यात! माझ्या अंगातलं कॅल्शियम हळूहळू पाण्यात उतरत होतं. पंखांतलं विकर थेंब पडायच्या आधीच टक्क जागं, मग फरक दिसणार कसा?

महिनाभर पोरीने यंत्र तपासलं, टोळ बदलले, शेवटी स्वतःच्या हातांना बोल लावला. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "तीन वर्षं झाली. सोमवारपर्यंत जमलं नाही, तर विषय बदल."

ती माझ्यासमोर मुसमुसत बसली. मला तोंड असून बोलता येईना.

तेवढ्यात भांडी धुणाऱ्या मावशी आल्या. "काय गं, काय बिघडलं?"

"माझंच काहीतरी चुकतंय, मावशी."

"तुझं कसलं चुकतंय? ही काचेची बया आल्यापासून रडतेयस. आधीची प्लॅस्टिकची होती तेव्हा हसायचीस की!"

पोरीने माझ्याकडे असं पाहिलं, की तडा जायचाच बाकी राहिला.

"काच!" ती ओरडली आणि मावशींना मिठीच मारली.

सोमवारी, नव्या प्लॅस्टिकच्या बाटलीतल्या पाण्यात पंखांतलं विकर गाढ झोपलं होतं. कॅल्शियमचा थेंब पडला आणि उठलं! पायांतलं ढिम्मच. सरांनी चष्मा पुसून आकडे तीनदा पाहिले. "मी उगाच घाई केली," ते पुटपुटले. ते ऐकायला मावशी मुद्दाम तीच फरशी दुसऱ्यांदा पुसत होत्या.

हल्ली मी टोळांच्या पिंजऱ्यात असते. माझ्यात हिरवं गवत उभं ठेवतात, टोळ त्याचा फडशा पाडतात. माझ्या पाण्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. तुम्हाला एकच विनंती: कुणाचं काम अडलं, की लगेच त्याच्या हातांना दोष देऊ नका. आम्ही निर्जीव मंडळी दिसतो तेवढी गरीब नसतो.