मिक्सरचा दावा

शेजारचा करण उसना नेलेला मिक्सर परत देईना, म्हणून गोरक्षनं राहात्याच्या कोर्टात दावा लावला. मिक्सर लग्नात सासूबाईंनी दिलेला, त्यामुळं साक्षीदारही त्याच, बनुबाई. त्यांची अट एकच: तारीख झाली की शिर्डीला दर्शन.

पहिल्या तारखेला त्या एकट्या आल्या. पुढच्या तारखेला बहिणी आल्या, मग अख्खं भजनी मंडळ. वकिलापेक्षा टेम्पो महाग पडला. शेवटी करणलाच दया आली आणि तो मिक्सर घेऊन दारात आला.

"मिटवू गड्या."

"लई उपकार," म्हणत गोरक्षनं मिक्सर घेतला.

आतून बनुबाई म्हणाल्या, "जावईबापू, पुढच्या तारखेला माझं सगळं माहेर येनार हाय. कबूल केलंय मी."

गोरक्षनं मिक्सर परत करणच्या हातात दिला.

"ठेव थोडे दिवस. आन् कुनी विचारलं, तर देत न्हाई म्हण."