फेब्रुवारीचं नाटक

क्लीव्हलंडजवळच्या त्या नाट्यगृहात वर्षाला पाचसहा नाटकं होत, आणि त्यांतलं एक काळ्या माणसांचं. ते फेब्रुवारीत, काळ्यांच्या इतिहासाचा महिना म्हणून, तळघरातल्या छोट्या रंगमंचावर. सवाष्ण जेवायला घालावी तसं ते एकदा उरकलं, की वर्षभर त्या घराकडे बघायला नको.

व्हर्नेटा बोलिंग ही काळी नटी त्या तळघरात ऐन तारुण्यापासून रडत आली होती. कधी गुलामाची आई, कधी कैद्याची. आता तिनं स्वतःच नाटक लिहिलं होतं: ईस्टरला चर्चमध्ये एकटीनं कोण गाणार, यावरून एकमेकींना सिस्टर म्हणणाऱ्या दोन म्हाताऱ्यांचं भांडण. वरच्या मोठ्या रंगमंचासमोर बसून लोकांनी पोट धरून हसावं, एवढंच तिला हवं होतं.

नाट्यगृहाचा प्रमुख गॉर्डन थेअर संहिता छातीशी धरून बसला होता.

"व्हर्नेटा, फार आवडलं. फक्त एक विचारू? यात वेदना कुठाय?"

"सिस्टर ओपलचा गुडघा दुखतो. दुसऱ्या अंकात."

"तसं नव्हे गं. फेब्रुवारीत लोक काहीतरी शिकायला येतात. तिच्या त्या नातवाला पोलिसांनी गोळी घातली तर?"

"तो केक आणायला गेलाय, गॉर्डन."

"तेच म्हणतोय. केक घेऊन येताना."

हा माणूस दुष्ट असता तर परवडलं असतं. प्रत्येक प्रयोगाआधी तो गहिवरून या भूमीच्या मूळ रहिवाशांचे आभार मानी, आणि त्यांच्यातल्या एकाचंही नाटक न करता दिवे मालवी. असल्या भक्ताला देव नैवेद्यापुरता लागतो: ताटाभोवती पाणी फिरवायचं, डोळे मिटायचे, आणि जेवायला आपण बसायचं.

"आणि मोठा रंगमंच?" तिनं विचारलं.

"वर्गणीदार बावचळतील. हसावं की नाही, कळायचं नाही त्यांना."

"बाकीच्या विनोदी नाटकांना बरं कळतं."

"ती त्यांचीच असतात ना."

इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच खरं बोलला होता.

"तेवढं एक मरण घाल," तो समजुतीनं म्हणाला. "नाहीतर जागा मेक्सिकोच्या ल्यूपला द्यावी लागेल. जागा एकच आहे. तिच्या नाटकात सीमेवरची नदी आहे, आणि पोर बुडवायला ती तयार आहे."

व्हर्नेटानं हात पुढे करून संहिता त्याच्या छातीवरून ओढून घेतली.

"माझा पोरगा केक घेऊन घरी पोचेल."

"रागावू नकोस. पत्रकावर तुझा फोटो तरी राहू दे. तो हसरा."

"काढून टाक. तुझ्या तळघरात हसायला मनाई आहे."

मोठा रंगमंच गेला तो गेलाच. गुरुवारी आपल्या चर्चच्या गायकवृंदाच्या सरावाला तिनं नाटक वाचून दाखवलं. जिच्यावरून ओपल बेतली होती, त्या सिस्टर लव्हिनियांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि चष्मा पुसला.

"छान लिहिलंयस, पोरी. पण गाणं ओपलला का नाही मिळालं? खरं भांडण झालं त्या ईस्टरला मीच गायले होते."

"तुम्ही?" पलीकडून सिस्टर आयडा म्हणाल्या. "तुम्ही तर घसा धरून बसला होतात."

"घसा तुमच्या केकनं धरला होता."

मागच्या रांगेतले पुरुष खुर्च्यांवरून घसरायच्या बेतात आले. व्हर्नेटानं आपली खुर्ची वळवली आणि त्यांची तोंडं बघत बसली.