कुंकू लावलेली सुई

मित्रांनो, मी एक जुनी काचेची सिरिंज आहे. आमच्याकडे लोक मला सुईच म्हणतात. माझं टोक तुटलेलं आहे आणि अंगाला कुंकू लागलेलं आहे. दोन्ही कसं झालं, ते सांगते.

१९५४ साली मी अकोल्याच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात आले. तिथल्या परिचारिका माणिकबाई तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घेत नसत, आणि वीस मिनिटं उकळल्याशिवाय मला कोणाला हात लावू देत नसत. घड्याळ समोर ठेवून स्टोव्हपाशी बसत. तेही त्यांचं व्रतच होतं. टोचण्याआधी प्रत्येकीला विचारत, "जेवून आली काय बाई? ताप, पुरळ, काही असन तर लपवू नोको." गालात टोचायचं असेल आणि चेहऱ्यावर साधा फोड दिसला, तरी परत पाठवत. म्हणत, "तोंड आहे ते. तिथली चूक पदराखाली किती दिवस झाकशीन?"

पुढे डॉक्टर वारले. त्यांचा कंपाउंडर ओमप्रकाश मला पातूरला घेऊन गेला आणि त्यानं पाटी लावली, 'देवीचे व्रण भरून मिळतील.' तेलासारखं एक औषध तो बायकांच्या गालांत टोचू लागला. आधी मला पाच मिनिटं उकळायचा. मग नुसतं गरम पाणी.

१९६२ च्या दसऱ्याला त्यानं मला ताम्हनात ठेवून हळदकुंकू वाहिलं. खोटं कशाला बोलू, मला धन्य वाटलं.

तेवढ्यात इंदूबाई, गालांवर देवीचे व्रण असलेल्या आपल्या मुलीला, मैनेला, घेऊन आल्या. दिवाळीनंतर अमरावतीचे पाहुणे तिला पाहायला येणार होते.

"आजचा मुहूर्त जाऊ देऊ नोका, भाऊ," इंदूबाई म्हणाल्या.

मैना हळूच म्हणाली, "सुई उकळत नाही काय, भाऊ? अन् माहा उपास सुटला नाही अजून. चक्कर येऊन राहिली."

"पूजेतली वस्तू का कोनी स्टोव्हवर ठेवते?" ओमप्रकाश हसला. "देवीनं हात लावला तिले."

"देवीनं तं माह्या तोंडालेही हात लावला होता," मैना म्हणाली.

"गप बस," आई म्हणाली.

त्यानं मला धोतराच्या सोग्यानं पुसलं. टोकाशी कुंकू तसंच राहिलं.

तिसऱ्या दिवशी गाल सुजला, मग पू झाला. अकोल्याला नेऊन गाल कापावा लागला. मैनेचा जीव वाचला, पण सगळ्या जुन्या व्रणांहून मोठा खळगा राहिला. पाहुणे आलेच नाहीत. गाव म्हणालं, पोरीनं उपास मोडला असेल. ओमप्रकाशला कोणी काही म्हणालं नाही.

पुढच्या दसऱ्याला मी पुन्हा ताम्हनात होते, आणि दुसरी एक मुलगी गाल पुढे करून बसली होती. मैना आत आली. तिनं तोंडावरचा पदर काढला.

"नीट पाहून घे, बाई. मलेही हेच सुई टोचली होती. अशीच पूजा करून."

मग तिनं मला उचललं आणि फरशीवर आपटलं. ती मुलगी उठून निघून गेली. माझं टोक तुटलं, त्याचं मला दुःख नाही.

ओमप्रकाशनं नवी सिरिंज आणली. दर दसऱ्याला तो मला तिच्याशेजारी मांडतो. स्टोव्ह फळीवर धूळ खात पडला आहे.

मित्रांनो, पूजेला मी नावं ठेवत नाही. माणिकबाईही रोज हात जोडत, पण ते हात साबणानं धुतलेले असत. सुई तुमच्या गालाशी आली, तर पाणी किती वेळ उकळलं ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत गाल पुढे करू नका. मैनेनंही विचारलं होतं.