सोनाबाईचं आवतण

सोनाबाई धवला गायला बसली की मांडवात भटजीचंसुद्धा काही चालायचं नाही. कोनपासून उरणपर्यंत आगऱ्यांच्या लग्नात तिला मोठा मान. धवलारीण म्हणजे देवांना लग्नाचं आवतण देणारी बाई. गाण्यातून एकेका देवाला गावासकट हाक मारायची, 'ये' म्हणायचं, मगच हळद लागायची. सोनाबाई सगळ्या देवांना बोलवायची. फक्त स्वतःच्या माहेरच्या, करंजपाड्याच्या गावदेवीला तिनं कधी हाक मारली नाही.

करंजपाडा धरणात गेला होता. सोनाबाई तेव्हा परकर नेसायची. भिंत वर चढत गेली तसे बापानं घराचे वासे उतरवून बैलगाडीत घातले. देवी मात्र जागची हलेना, ती तिथंच राहिली. त्या पाण्यावर पनवेल पोसलं, घराघरात नळ गेले, इस्पितळं उभी राहिली, हे सोनाबाई कधी नाकारायची नाही. पण देवीला पाण्याखाली सोडून आपण यायचं आणि वर तिलाच लग्नाला बोलवायचं, ते कुठल्या तोंडानं? म्हणून त्या धरणाचं पाणी तोंडात घ्यायचं नाही, हा तिचा हट्ट. कोनला सासरच्या घरात नळ आला तेव्हा कुणीतरी सांगितलं, ही लाइन पाताळगंगा नदीची. झालं, तेव्हापासून बाई त्या नळाचं पाणी पाहुण्यांना कौतुकानं पाजायची.

नात रेवाचं लग्न ठरलं ते नेमकं धरणावर पंप चालवणाऱ्या प्रितमशी. पोरगा चांगला आहे म्हणून सोनाबाईनं तेही गिळलं. सुपारी फुटली त्या दिवशी तिनं स्वतः त्याच्या हातात तांब्या दिला.

"घे बाबा. आमच्या घरान धरणाचं पानी नाय चालत. ह्ये पाताळगंगेचं हाय."

प्रितम साधा माणूस. तांब्या घटाघटा रिकामा करून म्हणाला, "नाय आजी, ही लाइन आमच्याच धरणाची. पान्याचा वॉल मीच सोडतो ना!"

रेवानं कपाळावर हात मारला.

"लगीन खुशाल करा," सोनाबाई उठत म्हणाली, "पन धवला मी नाय गानार."

"मंग हळद पन नाय लागनार मना!" रेवा आतून ओरडली. ती कुणाची नात, हे सांगायची गरज नव्हती. दोघींच्या मधे रेवाचा बाप जीवन, बिचारा, नुसता हेलपाटे घालत राहिला.

सोनाबाईनं बाटलीचं पाणी आणवलं. भात बेचव लागायला लागला. रागवायचं कुणावर, हेच तिला उमगेना. लाइन पाताळगंगेची सांगणारा कधीच मरून गेला होता. आणि इतकी वर्षं तेच पाणी पिऊन ती ठणठणीत होती, याच घरात तिची नातवंडं त्याच पाण्यावर वाढली होती. शेवटी तिनं प्रितमला फोन लावला.

"तुझं मशीन पानी खेचतं कुठून?"

"धरणान बुरूज हाय ना आजी, त्याच्या तळातून."

"बुरूज गावाच्या कुठल्या अंगाला?"

"गावाचं मना ठाव नाय. पन उन्हाळ्यान पानी उतरलं का बुरजाला लागून एक जोतं दिसतं. म्होरं दगडी दीपमाळ हाय."

सोनाबाईनं फोन कानाशी घट्ट धरला. "त्ये आमच्या देवीचं देऊळ. म्हंजे पानी तिच्या पायावरनं येतं?"

"पायावरनंच, आजी. त्याला दुसरी वाटच नाय."

फोन ठेवून ती पदरात तोंड घालून रडली. मोकळी रडली, घरच्यांसमोर. मग डोळे पुसून तिनं बाटल्या बाजूला सारल्या, नळाखाली कळशी लावली आणि जीवनवर खेकसली, "बगतोस काय? पोरीची हळद कुटाया घे!"

हळदीच्या दिवशी मांडव माणसांनी फुलला होता. सोनाबाईचा आवाज खणखणीत लागला. उरणच्या देवांना बोलावलं, कोनच्या देवांना बोलावलं, आणि ती थांबली. जाणत्या बायांनी माना वर केल्या. सोनाबाईनं कळशीतल्या पाण्यात हळद कालवली, बोटं रेवाच्या गालाला लावली आणि नवी ओळ उचलली:

"करंजपाड्याचे माये, तुला 'ये' कशी म्हनू? तू तं कवाची आमच्या घरान हायस."