आज डब्यात काय?

नव्या सरांनी मीटिंगच्या सुरुवातीला "स्वतःबद्दल एक मजेदार गोष्ट सांगा" म्हटलं आणि आमच्या पॅकिंगची माणसं आपापले बूट बघायला लागली. असल्या खेळांचा मलाच वैताग येतो. मी त्यांची सुपरवायझर. सरळ विचारलं, "सावळीरामभाऊ, आज डब्यात काय?"

"काय नाय, मॅडम. ओझरहून कंपनीची बस आता अर्धा तास आधी निघते. भाकरी व्हायच्या आत उपाशीच पळावं लागतं."

"आमचंबी तेच," बयाबाई म्हणाल्या. मग सगळेच बोलायला लागले.

सरांनी घड्याळ पाहिलं. मागे पडद्यावर विषय झळकत होता: 'सकाळचं काम का मंदावलं?'

"गप्पा झाल्या असतील तर मीटिंग सुरू करू या?"

"मीटिंग झाली, सर," मी म्हटलं. "बसची वेळ तेवढी बदला."