झाकणावरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे. भिवंडीजवळ, शेलार गावाच्या बाजूला एका लहान दवाखान्यात राहतो. तुमच्या घरच्या डब्यात लाडू असतील, माझ्या पोटात अ‍ॅट्रोपिन या विषावरच्या औषधाच्या काचेच्या कुप्या असतात.

आलो तेव्हा लखलखीत होतो. पण माझी गरज क्वचितच पडे. हळूहळू माझ्यात टाचण्या, दोरे, चहाच्या पुड्या साठल्या. मग मृणाली सिस्टर आल्या. त्यांनी मला घासूनपुसून जागेवर बसवलं. रोज देवपूजा उरकून ड्युटीवर आल्या की त्या आधी माझं झाकण उघडत, कुप्या बघत, तारखा वाचत. शिपाई मोरू हसून म्हणे, "सिस्टर, आता याला नैवेद्यपण दाखवा."

एका दुपारी हौसा आपल्या नवऱ्याला, विठूला, टेम्पोतून घेऊन आली. तोंडाला फेस, अंग घामानं निथळलेलं, छातीत घरघर. सोबतचे म्हणाले, जास्त झाली असेल.

"एकादशी हाय त्याची," हौसा म्हणाली. "पान्याचा घोटपन न्हाय घेतला. भेंडीवर फवारत होता."

पंपाची तोटी तुंबली होती. विठूनं ती तोंडानं फुंकून मोकळी केली होती.

डॉक्टरांनी डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. सिस्टरांनी हातमोजे चढवून त्याचे भिजलेले कपडे उतरवले, अंग धुतलं आणि माझं झाकण उघडलं.

मित्रांनो, घाम, लाळ, नाडी ही कामं शरीर आपली आपण करतं. नस निरोप देते, काम झालं की निरोप पुसला जातो. फवारणीचं हे विष निरोप पुसणाऱ्यालाच पकडून ठेवतं, म्हणून निरोप चालूच राहतो. युद्धातले काही विषारी वायूही हेच करतात. मग लाळ थांबत नाही, छाती पाण्यानं भरते, नाडी मंदावते. माझं औषध त्या निरोपाला आडवं जातं. त्याचं जोडीदार औषध पुसणाऱ्याला सोडवतं.

दर पाच मिनिटांनी डॉक्टर छाती ऐकत आणि आणखी औषध मागत. माझ्या कुप्या भराभर संपत होत्या. मुदत उलटलेली एकही निघाली नाही.

विठूची जीभ कोरडी पडली, बाहुल्या मोठ्या झाल्या. हौसा घाबरली.

"छाती वाजायची थांबली ताई," सिस्टर म्हणाल्या. "आपल्याला हेच हवं होतं."

विठू पुटपुटला, "पानी."

पुढं त्याला मोठ्या इस्पितळात नेलं. पंधरा दिवसांनी तो आपल्या पायांनी माझ्यासमोर उभा राहिला. हौसानं माझ्या झाकणाला कुंकू लावलं. मोरू या वेळी हसला नाही, त्यानं हात जोडले.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी फवारणी करत असेल तर त्याला सांगा, तोटी तोंडानं फुंकू नका. आणि दवाखान्यातल्यांनो, मला कुंकू नाही लावलंत तरी चालेल. माझं झाकण तेवढं रोज उघडा.