मी आणलेली तापाची साथ

खरं सांगते, तापाचे रुग्ण वाढले की मला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. लाज वाटायला हवी होती, पण फुटायच्या!

त्याचं असं झालं. आरोग्यावर लिहिणाऱ्या पत्रकारांच्या फेलोशिपसाठी माझी निवड झाली, तेव्हा आमच्या संपादकांनी बजावलं होतं, "शेवटचा प्रकल्प पसंत पडला तर आरोग्याचं पान तुझं. नाहीतर आहेच आपलं शब्दकोडं." सहा वर्षं मी शब्दकोडी रचत होते. जेवतानासुद्धा पोळीत आडव्या-उभ्या चौकटी दिसायला लागल्या होत्या.

प्रकल्पासाठी मी घराजवळचा दवाखाना धरला. पहिल्या आठवड्यात तापासाठी चाळीस जण आलेले, दुसऱ्यात बावन्न. लगेच छोटीशी बातमी ठोकून दिली: 'ताप वाढतोय, अंगावर काढू नका.' आणि काय सांगू! तिसऱ्या आठवड्यात एकशे दहा, चौथ्यात दीडशे! आलेख असा चढला की वर आणखी एक कागद चिकटवावा लागला.

आम्हाला शिकवणाऱ्या डॉक्टरबाई मात्र प्रत्येकाला एकच विचारून पिडायच्या, "वाढले, बरं. पण का वाढले?" सादरीकरण दुपारी तीनला होतं. सकाळी निव्वळ बाईंचं तोंड बंद करायला मी दवाखान्यात गेले आणि नोंदवही सांभाळणाऱ्या सिस्टरना तेच विचारलं.

सिस्टरनी नावांच्या रकान्यावर फूटपट्टी ठेवली आणि नुसत्या तक्रारी वाचायला घेतल्या. "कणकण वाटते, पेपरात वाचलं. ताप नाही, पण येईलसं वाटतं. शेजारीण जाऊन आली म्हणून."

"अहो, पण खरा ताप किती जणांना?"

"नेहमीइतकाच. चाळीस-पन्नास. बाकीचे सगळे तुझ्या बातमीचे. आम्हाला डबा खायला वेळ मिळेना झालाय!"

मी मटकन बाकावर बसले. म्हणजे साथ मीच आणली होती की काय? आधी घाम फुटला, मग असं हसू फुटलं की थांबेचना. सिस्टरही हसायला लागल्या. "आणि हे ऐक. एक आजोबा तर गळ्यात शिंप्याची टेप तशीच अडकवून आले होते. तक्रार काय, तर काही नाही. म्हणे, मुलगी पेपरात लिहिते, ती खोटं लिहीत नाही."

माझं हसू जागच्या जागी थांबलं. बाबा! डॉक्टरचं नाव काढलं की "मला काय धाड भरलीय?" म्हणणारे माझे बाबा! आणि घरी चकार शब्द नाही.

दुपारी तो लांबलचक आलेख मी संपादकांसकट सगळ्यांसमोर टांगला. मनात आलं, गप्प बसावं, कोणाला कळणार आहे? पान अगदी हाताशी आलं होतं. पण ती टेप काही डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी बोलून टाकलं, "ही साथ तापाची नाही. माझ्या बातमीची आहे."

डॉक्टरबाई अशा हसत सुटल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अगं, हाच तुझा प्रकल्प! हेच छापा!"

संपादकांनी तोंड वाकडं केलं. "पान तुझं," ते गुरगुरले, "पण पहिली बातमी, आपलं चुकलं, ही. तुझ्या नावानिशी."

मी जवळजवळ उड्या मारतच घरी आले. बाबा शर्टाला काजं करत बसले होते. "बाबा, पान मिळालं! पण ती तापाची बातमी चुकली होती हो. साथबीथ काही नव्हती."

बाबांची सुई थांबली. त्यांनी शिलाई मशीनचा खण उघडला आणि बटणांच्या डबीमागून गोळ्यांचं पाकीट काढलं.

"तुझं वाचून जाऊन आलो होतो. ताप नव्हता. रक्तदाब एकशे नव्वद निघाला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात."

पाकीट उलटसुलट करून पाहत त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "मग आता या परत करायच्या का?"